निळ्या संघाला चार तारे, एक पांढऱ्या पँटपायी कापला

संघांची नावं लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल वाईट लिहायचंय त्यांची नावं टाळायची आणि चांगल्याचं तेवढं घ्यायचं, हे बरं दिसत नाही. तेव्हा जर्सीच्या रंगावरून ओळखा. पहिला जांभळा, दुसरा काळा आणि सध्याचा निळा. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. इथं ट्रॅव्हल सॉफ्टबॉलचे संघ एवढे आहेत, की जुलै संपत आला की ट्रायआउटच्या जाहिरातींनी फोन भरून जातो. लेक चौदा वर्षांची आहे. पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी, आणि गरज पडली तर थर्ड बेसला उभी राहते. तिच्यासाठी संघ शोधण्यात आमचे तीन उन्हाळे गेले, म्हणून हे लिहायला बसले.

आधी ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. हा बेसबॉलच्या जातीचाच खेळ, फक्त चेंडू खालून टाकायचा. आमच्या मंडळातल्या एका काकूंनी विचारलं होतं, "सॉफ्टबॉल म्हणजे मऊ चेंडू ना गं? मग लागत नसेल." मी बॅगेतून चेंडू काढून त्यांच्या हातात दिला. बारा इंच घेराचा, पिवळाधमक, लाल टाक्यांचा. वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जड. काकूंनी तो नारळासारखा कानाशी नेऊन हलवून बघितला आणि काही न बोलता परत दिला. चौदा वर्षांखालच्या गटात पिचर हा चेंडू ४३ फुटांवरून टाकते. समोरच्या मुलीला ठरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

शाळेचा सॉफ्टबॉल टेक्सासमध्ये फेब्रुवारीत सुरू होतो आणि उन्हाळ्याआधी संपतो. तोही हायस्कूलच्या मुलींना. बाकीचं वर्ष ट्रॅव्हल बॉलचं: खासगी क्लब, ट्रायआउट देऊन निवड, खर्च पालकांचा, आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला कुठल्या तरी गावात टूर्नामेंट. शनिवारी पूलचे, म्हणजे गटातले सामने, त्यावरून क्रमवारी लागते. रविवारी ब्रॅकेट, म्हणजे बाद फेरी. सामने घड्याळावर चालतात. पाऊण-सव्वा तास झाला की नवीन इनिंग सुरू होत नाही. त्यामुळे सातव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगचं तोंड आम्ही क्वचितच बघतो.

जांभळ्या संघाचं नाव मोठं होतं, आणि आम्ही त्या नावालाच भुललो. त्यांच्या अठरा वर्षांखालच्या संघातल्या मुली मोठमोठ्या कॉलेजांत गेलेल्या. भिंतीवर फोटो, फोटोखाली कॉलेजांची नावं. पण त्याच नावाचे त्यांचे सहा-सात संघ होते, आणि आमच्या बारा वर्षांखालच्या संघाचा कोच त्याच वर्षी आलेला. पाटी एका दुकानाची, माल भलत्याच कारखान्यातला. वर्षाचे २,४०० डॉलर, गणवेश आणि बॅग वेगळी, बॅट आपली आपण घ्यायची. बॅटही साडेतीनशे डॉलरची, आणि ती साठ फॅरनहाइटच्या खाली थंडीत वापरायची नाही, तडकते म्हणे. मी म्हटलं, घरात एवढे लाड कुणाचेच होत नाहीत.

संघात पंधरा मुली होत्या. मैदानात नऊ उतरतात, म्हणजे सहा बाकावर. हे गणित मी सही करण्याआधी करायला हवं होतं. हिशोब हा माझा पेशा आहे, आणि नेमका घरचाच चुकला. ओक्लाहोमा सिटीतल्या एका टूर्नामेंटला गेलो. तीन तासांचा रस्ता, दोन रात्री. हॉटेलही आपल्या मनाचं नाही. आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलांतच उतरायचं, नाहीतर संघाला प्रवेश नाही. वर गेटवर आई-बाबांचं तिकीट. पाच सामने झाले. लेकीला मिळाल्या राइट फील्डच्या चार इनिंग आणि तीनदा बॅटिंग. परतीच्या वाटेवर गाडीत पावत्या जुळवल्या. ६४० डॉलर. म्हणजे एका इनिंगला १६०, आणि त्यातल्या दोन इनिंगमध्ये तिच्या बाजूला चेंडू फिरकलाही नव्हता. नवरा म्हणाला, "हे तिला सांगू नकोस." ती मागच्या सीटवर जागी होती.

जांभळ्यांचा सगळा भर 'कॉलेज एक्स्पोजर' या दोन शब्दांवर होता, म्हणजे कॉलेजच्या कोचांच्या नजरेत भरणं. अकरा वर्षांच्या मुलींच्या आई-बापांना! नंतर मी नियम शोधून वाचले. डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या श्रेणीचा कोच मुलीशी प्रवेशाबद्दल बोलूच शकत नाही, ती अकरावीत गेल्यानंतरच्या १ सप्टेंबरपर्यंत. हा नियम २०१८ पासून आहे. डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांत तर खेळावर शिष्यवृत्तीच नसते. डिव्हिजन वनमध्ये कित्येक वर्षं अख्ख्या संघाला मिळून बारा शिष्यवृत्त्या होत्या, आणि त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटायच्या. तेव्हा 'पूर्ण शिक्षण फुकट' हे स्वप्न कुणी तुम्हाला बारा वर्षांखालच्या गटात विकत असेल, तर पर्स बंद ठेवा. लेकीचं मत वेगळं आहे, हेही सांगते. "आई, निजारी कॅनडीला टेक्सास टेकनं दहा लाखांच्या वर डॉलर मिळवून दिले!" खरं आहे ते, २०२४ चं. कॅनडी ही कॉलेजची नावाजलेली पिचर. तेवढ्यापुरतं नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढलं होतं.

काळा संघ आम्ही जिंकतो म्हणून निवडला. दुधानं तोंड पोळलं होतं, तरी ताक न फुंकताच प्यायलो. कोच म्हणजे एका मुलीचे वडील, आणि ती मुलगी शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानातल्या मोक्याच्या जागी. इथं याला 'डॅडी बॉल' म्हणतात. पण खरं सांगायचं तर ती मुलगी उत्तम खेळायची, तेव्हा ती तक्रार माझी नाही. माझी तक्रार पाहुण्या पिचरची आहे. शनिवारी आमच्या मुली घाम गाळायच्या, आणि रविवारी ब्रॅकेटच्या सामन्याला दुसऱ्याच कुठल्या संघातून एक उंच पोरगी 'पिकअप प्लेअर' म्हणून हजर व्हायची. नियमात बसतं ते. दोन-तीनदा असं झालं, मग त्या पोरगीला दुसरीकडे बोलावणं आलं आणि सगळा भार आमच्या लेकीवर पडला.

इथं नवऱ्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. पिचरचा बाप म्हणजे बकेट डॅड. पालथ्या बादलीवर गादी ठेवून बसायचं, मुलगी टाकेल ते झेलायचं, आठवड्यातून चार संध्याकाळी. हा माणूस कॉलेजात क्रिकेट खेळलेला, विकेटकीपिंग करायचा, म्हणून पहिल्या दिवशी ऐटीत बसला. लेकीचा ड्रॉप बॉल, म्हणजे शेवटी अचानक खाली उतरणारा चेंडू, त्याच्या पुढ्यात टप्पा पडून सरळ नडगीवर. तेव्हापासून शिनगार्ड घालून बसतो. पण त्या बादलीवरून त्याला तिचा हात जेवढा कळतो तेवढा मलाही कळत नाही. चेंडू सुटताना मनगटाचा 'टक्' असा आवाज येतो, तो आला नाही की तो थांबवतो.

जुलैतला रविवार, दुपारचे तीन, हवा १०१ फॅरनहाइट. तिचा दिवसातला तिसरा सामना, आणि तिन्हींत तीच पिचर. चौथ्या इनिंगपासून प्रत्येक चेंडूनंतर ती हात झटकायला लागली. नवरा कुंपणाला नाक लावून उभा. म्हणाला, "टक् येत नाहीये. खांदा पडतोय तिचा." डगआउटच्या, म्हणजे संघ बसतो त्या जागेच्या जाळीपाशी जाऊन त्यानं कोचला सांगितलं. उत्तर आलं, ती लढवय्यी आहे, काही होत नाही. बेसबॉलच्या लहान मुलांना किती चेंडू टाकायचे याची मर्यादा असते. सॉफ्टबॉलमध्ये बहुतेक ठिकाणी ती नाही, कारण खालून फेकलेल्या चेंडूनं हात दुखत नाही अशी जुनी समजूत. आमच्या फिजिओथेरपिस्टनं पहिल्याच दिवशी ती समजूत काढून टाकली. विंडमिल पिचिंगमध्ये, म्हणजे हात गोल फिरवून खालून टाकताना, खांद्यावर येणारा ताण वरून फेकण्यापेक्षा फारसा कमी नसतो. सामना जिंकलो. संध्याकाळी ग्रुपवर ट्रॉफीचा फोटो आला, त्यात सगळ्यांचे दोन्ही हात वर, आमचीचा एक बर्फाच्या पिशवीत. सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही असं सांगितलं गेलं. त्या सहा आठवड्यांत कोचचा एकच मेसेज आला: परत कधी?

काळ्या संघाला तारा नाही. अर्धाही नाही.

निळा संघ आम्ही शोधला नाही, तो सापडला. ऑगस्टच्या तोंडावर एका दुसऱ्याच संघाला बघायला गेलो होतो. लेक तेव्हा नुसतीच प्रेक्षक. तो सामना उशिरा सुरू होणार होता, म्हणून शेजारच्या मैदानाच्या लेफ्ट फील्डच्या कुंपणामागे, एकुलत्या एका झाडाच्या सावलीत खुर्च्या टाकल्या. तिथं निळ्या जर्सीतल्या मुली मनसोक्त मार खात होत्या. पाचव्या इनिंगला ९-१. आठ धावांचा फरक पडला की पाच इनिंगनंतर सामना संपवतात, तसा तो संपला. त्यांच्या लेफ्ट फील्डरनं शेवटी एक साधा उंच चेंडू सोडला होता, ग्लोव्हमध्ये येऊन पडलेला. त्यावरच दोन धावा गेल्या. ती आमच्यापासून दहा पावलांवर उभी राहून रडत होती, पाठ मैदानाकडे करून.

मी श्वास रोखून कोचची वाट बघत होते. काळ्या संघाची सवय होती ना. ही बाई तिशीतली, कॉलेजात खेळलेली, चालत चालत तिथवर आली. बाकीच्यांना गोल करून बसवलं आणि तीन-चार मिनिटं बोलली. आवाज कुंपणापलीकडे आला नाही. मग सगळ्या पाणी प्यायला गेल्या आणि ती एकटीच त्या मुलीपाशी राहिली. हातात बॅट, शेजारी चेंडूंची बादली. एकेक चेंडू उंच मारायला लागली. पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसरा झेलला. दहा मारले असतील. शेवटचा झेलल्यावर मुलीनं चेंडू परत टाकला, तर कोचनं तो मुद्दाम सोडला आणि दोघी हसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाचं लक्षही नव्हतं. लेक माझ्या बाजूला बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. म्हणाली, "इथे ट्रायआउट कधी आहे?"

ज्या संघाला बघायला आलो होतो त्याचा सामना बघायचा राहूनच गेला.

ट्रायआउटला फार काही वेगळं नव्हतं. ग्राउंड बॉल, बेसवर धावणं, बॅटिंग, पिचरना वेगळं बोलावून वीस चेंडू. पण वेग मोजायची रडार गन काढण्याआधी कोचनं विचारलं, खांदा आता कसा आहे, कोण बघतंय, त्यांनी काय सांगितलंय. फॉर्मवर मी एका ओळीत लिहिलं होतं, ते तिनं वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन आला. विचार करायला चार दिवस दिले. हेही सांगण्यासारखं आहे, कारण जांभळ्यांनी मैदानातच कागद पुढं करून 'आत्ता सही, नाहीतर जागा गेली' केलं होतं. घाई कोण करतंय हे बघा. भाजीवालासुद्धा जुन्या मालाचीच घाई करतो.

बारा मुली आहेत, त्यात चार पिचर. कोच दोघी आहेत, आणि त्यांच्या मुली संघात नाहीत. फी १,९०० डॉलर, त्यात काय येतं आणि काय नाही हे एका पानावर लिहून दिलेलं, डिसेंबरपर्यंत सोडलं तर किती परत मिळेल तेही. मी ते पान तीनदा वाचलं, बेरीज बरोबर होती. पार्श्वभूमी तपासणी आणि सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळातल्या मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण दोघींनी केलंय. मुलीला एकटीला मेसेज करत नाहीत, कायम एक पालक त्यात असतो. आमच्या पिढीला हे जरा जास्त वाटेल, मला आता वाटत नाही. वहीत प्रत्येक पिचरचे चेंडू मोजले जातात, नियम नसताना. गेल्या वर्षी एका उपांत्य सामन्यात लेक जोरात होती, तरी तिला चौथ्या इनिंगला काढलं. सामना हरलो. घरी येईपर्यंत ती धुमसत होती. नवरा मात्र गाडी चालवताना शीळ घालत होता.

आणखी एक सांगते. २०२५ च्या विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजची, म्हणजे कॉलेज सॉफ्टबॉलच्या अजिंक्यपदाची अंतिम मालिका आमच्याकडे पिठलं-भात ताटात घेऊन बघितली गेली. टेक्सास विरुद्ध टेक्सास टेक, म्हणजे घरातलंच भांडण. पहिल्या सामन्यात टेकची कॅनडी टेक्सासच्या रीस ॲटवुडला मुद्दाम वॉक देत होती, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकून तिला फुकट बेसवर सोडायचं. त्यातला एक चेंडू पुरेसा बाहेर गेला नाही. ॲटवुडनं तो मारला, दोन धावा झाल्या आणि टेक्सासनं तो सामना २-१ असा घेतला. मालिकाही त्यांनीच जिंकली, पहिल्यांदाच. पुढच्या सरावाला निळ्या संघाच्या कोचनं चौघी पिचरना अर्धा तास फक्त मुद्दाम बाहेरचे चेंडू टाकायला लावले. सोपं नसतं म्हणे. सगळा सराव आत टाकण्याचा, हात बाहेर जायला तयार होत नाही. असले तास मला आवडतात. यासाठी पैसे गेले तर दुःख नाही.

आता उणं. निळ्यांकडे स्वतःचं बंदिस्त मैदान नाही. हिवाळ्यात भाड्याच्या जागेत सराव, कधी रात्री साडेआठला, कधी आयत्या वेळी रद्द. टूर्नामेंटचं वेळापत्रक गुरुवारी रात्री कळतं. त्यात कोचचा दोष कमी आणि आयोजकांचा जास्त, पण सुट्टी मला मागायची असते. बॅटिंगच्या बाबतीत हा संघ यथातथाच. दोन्ही कोचचं पिचरकडंच लक्ष जास्त, बॅटिंगसाठी बाहेरचं शिक्षण लावावं लागलं, तासाला साठ डॉलर. आणि हरतात. तीनातला एक सामना हरतातच. ज्यांना बैठकीत ट्रॉफ्यांची रांग हवी त्यांनी इकडं फिरकू नये. फॉल सीझन आणि गणपती दरवर्षी एकमेकांवर आदळतात, तेव्हा आमच्या घरची एक आरती मोजे आणि स्लाइडिंग शॉर्ट्समध्ये होते. बाप्पाची काही तक्रार आलेली नाही.

आणि पांढरी पँट. जांभळ्यांची पँट राखाडी होती, काळ्यांची काळी, त्या दोघांची तेवढीच एक जमेची बाजू. निळ्यांना शोभा हवी, म्हणून पांढरी. ओक्लाहोमाची माती लाल, आणि लेक बेसवर उभ्यानं कधी पोचत नाही, घसरतच जाते. रविवारी रात्री दहाला बाथटबच्या कडेवर बसून मी आधी सुकी माती ब्रशनं झाडते. ओली केली की बसलीच. मग गार पाणी, गरम नाही. मग साबणाची वडी गुडघ्यावर आणि डाव्या मांडीवर घासायची, कारण ती डावीकडे घसरते. रात्रभर भिजत ठेवायचं. सकाळी पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं आणि पँट फिक्या गुलाबी रंगाची. तीन धुण्यांनंतर पांढरी म्हणावी अशी होते, तोवर पुढचा शनिवार. मी कोचला हे दोनदा बोलले. ती म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. म्हणून एक तारा कापला. बाकी चार मनापासून.

पुढचं वर्ष मात्र निळ्यांबरोबर नाही. लेक सोळा वर्षांखालच्या गटात जाईल आणि त्या वयाचा त्यांचा संघच नाही. पुन्हा ट्रायआउट, पुन्हा कागद. आम्ही तीन संघ काढलेत, लेकीनं एक फुली आधीच मारली आहे, गणवेश आवडला नाही म्हणून. उरलेल्या दोघांपैकी एक या शनिवारी सकाळी आठला खेळतोय, समोरचा संघ राज्यातल्या तगड्या संघांपैकी. नवऱ्यानं खुर्च्या आणि पाण्याचा कूलर रात्रीच गाडीत टाकायचं ठरवलंय. लेफ्ट फील्डच्या मागे झाड आहे का ते नकाशावर बघून झालं. आम्ही बघणार तो संघ हरायची शक्यता चांगली आहे, म्हणून तर जातोय.